बाणस्तारी पुलाजवळ जेटी हवी
गोव्यातील मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाला. पण बाणस्तारी पुलाजवळ होडी लावायची तर आजही खारफुटीच्या मुळांना दोर बांधावा लागतो. ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवत उतरायचे, आणि तेही मगरींच्या पाण्यात! पर्यटक त्या मगरी होडीत बसून बघतात, मासेमार मात्र भल्या पहाटे त्याच काठावर उभे असतात. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारी तरंगती जेटी, दोर बांधायला पक्के खुंट आणि एक दिवा, एवढे तरी संबंधित खात्याने पावसाळ्याआधी द्यावे. जेटी पुलाच्या खांबांपासून दूर असावी. तिथे पाण्याला ओढ फार असते. जेटीसाठी खारफुटी तोडू नये, काठ तिनेच धरून ठेवला आहे.
– एक वाचक, फोंडा