स्टिअरिंगची थरथर: मंदारला पत्र

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी कामाचं सांगतो. तुझी स्कोडा आरएस हायवेच्या वेगाला थरथरते म्हणून वर्कशॉपनं तुला नवा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) सांगितला ना, त्याची ऑर्डर दिली असशील तर उद्या उठल्याउठल्या रद्द कर. रॅक ठणठणीत आहे, चाकाला खालून धरणारा लोअर आर्मसुद्धा. थरथरीचं मूळ पुढच्या दोन चाकांत, त्यातही मुख्यतः उजव्यात निघालं आणि ते एका दुपारच्या कामात मिटलं. फोनवर तू "पण नक्की कशावरून?" असं विचारत होतास आणि नागपूरची लाइन नेमकी तिथेच तुटत होती, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि तू तरी वाचणार आहेस थोडाच.

किल्ली घ्यायला सहकारनगरला गेलो. काका मधूनमधून गाडी सुरू करून सोसायटीतल्या सोसायटीत फिरवतात, बाकी ती एकाच जागी उभी. त्यामुळे निघाल्या निघाल्या खालून धप-धप येत होतं. बराच काळ उभ्या गाडीच्या टायरला जमिनीकडच्या बाजूला चपटेपणा येतो. टायर तापला की बहुतेकदा जातो. वाकड येईपर्यंत गेलाच. म्हणजे तुझी तक्रार ती ही नव्हे.

त्या वर्कशॉपनं गाडी हायवेला न नेता, लिफ्टवरच चाक हलवून बघून रॅक सांगितला, हे मला फार खटकलं. थरथर कुठे जाणवते, कितीच्या वेगाला सुरू होते, कशानं वाढते, काही विचारायचं नाही आणि थेट पार्टची किंमत सांगायची, हे मुलगी बघायच्या आधी पत्रिका छापायला टाकण्यासारखं झालं. अरे, ही गाडी स्वतः सगळं सांगते. फक्त एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

मी पहाटे भाच्याला शेजारी बसवून निघालो. आधी बायपास, मग किवळ्याहून मुंबईचा एक्स्प्रेस-वे. दोन्ही मुद्दाम. एक्स्प्रेस-वे काँक्रीटचा; त्याचे सांधे टायरखाली येतात तेव्हा एक ठरावीक ठेका बसतो आणि नवखा माणूस त्यालाच व्हायब्रेशन समजतो. बायपासवर डांबर आहे. दोन्हीकडे थरथर तीच, म्हणजे रस्ता निर्दोष. (नवले पुलाच्या उतारावर असले प्रयोग करायचे नाहीत, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो.) एक्स्प्रेस-वेवर मर्यादा १०० ची आहे आणि आता वर कॅमेरे बसलेत. त्यामुळे ११५ च्या पुढे थरथर कमी होते हे तुझं म्हणणं मी तुझ्या शब्दावर सोडून दिलं. मला ९० च्या आसपास सुरुवात आणि १०० ला पूर्ण रंगात, एवढं मिळालं. तेवढं पुरेसं होतं.

स्टिअरिंग हातात डावं-उजवं थरथरत होतं, सीट आणि फ्लोअर जवळपास शांत. यावरून रोख पुढच्या चाकांकडे जातो. मागचं चाक बिघडलं की ते बहुधा बुडाखाली कळतं, हातात नाही. मग वेग १०० च धरून स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर सहाचा चार केला. इंजिनचे फेरे केवढे तरी वाढले, थरथर तसूभर हलली नाही. इंजिन आणि त्याला धरून ठेवणारी माउंटिंग बाद. मग अ‍ॅक्सलरेटर दाबून, सोडून बघितला. आतला सीव्ही जॉइंट (इंजिनचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा सांधा) झिजलेला असेल तर जोर लावताना गाडी हलते आणि पाय काढला की शांत होते. इथे दोन्हीकडे सारखंच. मग हलका ब्रेक. नवीन काहीच नाही, म्हणजे ब्रेकच्या डिस्कही निर्दोष.

डिस्कवरून आठवलं. तुला मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरायची सवय आहे ती अशी, की पाय ब्रेकवर ठेवायचा आणि गाणी बदलत राहायचं. तापलेल्या डिस्कवर ब्रेकचा पॅड दाबून ट्रॅफिकमध्ये उभा राहिलास की पॅडचा माल त्या जागी डिस्कवर बसतो. डिस्कची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी जरी कमी-जास्त झाली, तरी पुढे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थडथडतं. लोक म्हणतात "डिस्क वाकडी झाली". बहुतेक वेळा ती वाकडी नसते, जाडीला असमान झालेली असते. खालच्या गिअरमध्ये उतर.

आता मजेचा भाग. भाच्यानं फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवून व्हायब्रेशन मोजायचं अ‍ॅप लावलं होतं. तुझे टायर २२५/४० आर १८. त्यांचा घेर दोन मीटरच्या आसपास येतो. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरतं. आणि फोनवरच्या आलेखाचं टोक कुठे होतं? चौदा हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला चौदा धक्के. चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का. रॅक, सस्पेन्शनची रबरी बुश, बॉल जॉइंट यांना चाक किती वेळा फिरलं याचा हिशोब ठेवता येत नाही. ते झिजले तर थरथर हातापर्यंत जास्त पोचवतील, पण स्वतः सेकंदाला चौदा धक्के देणार नाहीत. तो धक्का फिरणाऱ्या वस्तूचाच. रॅकचा विषय माझ्यापुरता तिथेच, उर्से टोलनाक्याच्या अलीकडे, संपला.

आणखी एक खूण दिसली. सरळ रस्त्यावर थरथर वाढायची, विरायची, परत यायची. लांब वळण घेतल्यावर तिचा जोर बदललेला असायचा. दोन्ही पुढची चाकं थोडीथोडी दोषी असली की असं होतं. वळणात बाहेरचं चाक जास्त फिरतं, दोघांचे धक्के कधी जुळतात, कधी एकमेकांना मारतात. म्हणून एका चक्करीत "आज काही नाही बुवा" म्हणणाऱ्या मेकॅनिकवर लगेच चिडू नये.

घरी येऊन पार्किंगमध्ये सगळ्यात स्वस्त परीक्षा केली. जॅक, स्टँड लावून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, ज्या त्या बाजूलाच, कारण तुझे टायर एकाच दिशेनं फिरायचे आहेत. परत रस्त्यावर गेलो तर स्टिअरिंग बरंचसं शांत आणि सीट गुणगुणायला लागलेली! दोष चाकांबरोबर मागे गेला. नवा रॅक टाकून तो पुढेच राहिला असता.

मग चाकं घेऊन टायरवाल्याकडे. पुढच्या दोन्ही रिमच्या आत पावसाळ्यातला चिखल वाळून घट्ट बसलेला, आणि डाव्या रिमवर तोल साधायला चिकटवलेलं वजन पडून नुसता गोंदाचा पट्टा उरलेला. चिखल खरवडला, बॅलन्सिंग केलं, म्हणजे वजनं लावून चाकांचा तोल साधला, मशीननं दोन्हीकडे शून्य दाखवलं. तो लगेच म्हणाला, "साहेब, अलाइनमेंट पण करून टाकू, व्हायब्रेशन जाईल." नाही जाणार. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं बसतं, टायर एका कडेनं झिजतात. झिजून ओबडधोबड झालेला टायर पुढे थरथरतो हे खरं, पण तुझे टायर हात फिरवून बघितले, तसे नाहीत. आपल्याकडे हे दोन शब्द जोडीनंच विकले जातात, मिसळ-पावासारखे नव्हे रे, कारण ते तरी एकमेकांशिवाय चालत नाहीत.

चाकं परत मूळ जागी लावली. डावं गप्प झालं होतं, पण थरथर निम्मी शिल्लक. आणि इथेच लोक हार मानतात. "बॅलन्सिंग तर केलं, शून्य आलं, आता रॅकच." मशीनवरचं शून्य खोटं नव्हतं. पण ते मशीनच्या शाफ्टवर, शंकूनं मधोमध धरलेल्या चाकाचं शून्य होतं. गाडीवर चाक मधोमध बसतंय का, हे मशीनला कुणी विचारलंच नव्हतं.

उजवं चाक काढून मधलं भोक व्हर्नियरनं मोजलं. स्कोडाच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) कंठ ५७.१ मिमी. गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं टाकलेल्या अलॉय चाकांचं भोक ७३.१. बाजारातले अलॉय मुद्दाम मोठ्या भोकाचे करतात, म्हणजे एकच डिझाइन अनेक गाड्यांना विकता येतं. मधली जागा भरायला एक रिंग घालायची असते. बाकी तिन्ही चाकांत प्लास्टिकची रिंग होती, उजव्यात नव्हती. कुठल्या तरी पंक्चरवाल्याकडे चाक काढताना पडली असावी. रिंगशिवाय चाकाला मध्य दाखवायची जबाबदारी फक्त बोल्टांवर येते. आणि बोल्ट? मूळ स्कोडाचे, गोल बुडाचे. अलॉयची बैठक शंकूसारखी. गोल बूड शंकूत टेकतं ते एका बारीक कडेवर. ते ना नीट पकडतं, ना नीट मधोमध आणतं. थरथर सोड, हे धोक्याचं होतं. हे वाचून आधीच्या मालकाला फोन करू नकोस, उपयोग नाही.

मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईनं दाखवणारं माप, लावून बघितलं. हबची चाक टेकते ती बाजू सरळ. चाक बसवून रिमच्या कडेला सुई टेकवली आणि फिरवलं, तर ती अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलली. सुई दाखवते त्याच्या निम्मं चाक सरकलेलं असतं, म्हणजे पाव मिलिमीटरच्या थोडं वर. एवढ्याशानं काय होणार, असं वाटेल. गणित कर: टायरसकट चाक वीस किलो धरलं, तर ते पाव मिलिमीटर बाजूला बसणं म्हणजे रिमच्या कडेला वीसेक ग्रॅम जास्तीचं वजन लटकवणं. आणि वीस ग्रॅम १०० च्या वेगाला साडेतीन किलोच्या जोरानं ओढतात, सेकंदाला चौदा वेळा, दिशा बदलत. ५० ला हाच जोर एक चतुर्थांश, म्हणून तुला शहरात काहीच कळत नव्हतं. त्यात तुझ्या टायरची भिंत जेमतेम ९० मिमी. तुझ्या जुन्या गाडीला असले दोष असतीलही, पण तिचे जाड टायर आणि मऊ बुश ते गिळून टाकत. ही गाडी काही गिळत नाही. त्यासाठीच तर तू घेतलीस ना?

भोसरीत एका लेथवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा करून घेतल्या, बाहेरून ७३.१, आतून ५७.१. त्यानं आधी माझ्याकडे आणि मग मापाकडे बघितलं आणि म्हणाला, "गाडीसाठी एवढं काटेकोर?" पण दिल्या अगदी नेमक्या, हातानं दाबून बसतात, हलत नाहीत. शंकूच्या बुडाचे वीस बोल्ट नाना पेठेत मिळाले, लांबी मूळ बोल्टाशी ताडून घेतली. हबवरचा गंज वायर ब्रशनं काढला, चाक हवेत असतानाच बोल्ट आडव्या क्रमानं टेकवले, मग जमिनीवर टॉर्क रेंचनं १२० न्यूटन-मीटर. गननं बोल्ट आवळणाऱ्याला हात लावू दिला नाही.

आज सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. १०० ला स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून बसलो होतो; काँक्रीटच्या सांध्यांचा ठेका सोडून काही नाही. भाच्याच्या अ‍ॅपवर चौदा हर्ट्झचं टोक शोधावं लागलं.

एक निर्णय तुझ्यावर सोडलाय. मागच्या डाव्या रिमची आतली कड खड्ड्यात आपटून किंचित वाकली आहे. सीटवर अगदी बारीक कळतं, तेही शोधलं तर. अलॉय तापवून, दाबून सरळ करून देणारे पुण्यात आहेत, पण ओतीव अलॉयला अशानं न दिसणारी चीर जाऊ शकते. मी असतो तर ते एक रिमच बदललं असतं, किंवा मूळ स्कोडाच्या चाकांचा जोड कुणी विकत असेल तर चारही. मी नजर ठेवतो. बजेट कळव, आणि वहिनींना विचारून कळव.

तुझा,
अभय

ता. क. जुने गोल बुडाचे बोल्ट फेकले नाहीत, त्यातले पाच कापडात बांधून डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलेत. स्टेपनी मूळ स्कोडाची आहे, तिला तेच लागतात. नवे तिला चालणार नाहीत. काकांना दाखवून ठेवलंय, तू विसरशील.