विकताना हँडलोडवाले चालतात, तक्रार करताना चालत नाहीत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ९ मिमी पिस्तुलाच्या बदली बॅरलचा (नळीचा) आखूड थ्रोट (काडतुसाच्या पुढची, रायफलिंग सुरू होण्याआधीची मोकळी जागा), नाकारलेली वॉरंटी आणि आपल्या विभागाने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आपल्या कंपनीची ९ मिमी लुगरची मॅच (म्हणजे अचूक नेमबाजीसाठीची) बॅरल मी घेतली ती जाहिरातीतल्या एका दाव्यावर विसंबून. पारंपरिक रायफलिंग (बॅरलच्या आतल्या पिळाच्या धारा) असल्यामुळे ही बॅरल शिशाच्या आणि कोटिंग केलेल्या गोळ्यांसाठी उत्तम, असा तो दावा. तो कोणासाठी केला आहे हे उघड आहे. ९ मिमीची कारखान्यातून येणारी काडतुसे बहुतेक तांब्याच्या जॅकेटचीच असतात. ओतीव शिशाची गोळी वापरतो तो प्रामुख्याने घरच्या प्रेसवर (हाताने चालवायच्या दाबयंत्रावर) स्वतः काडतुसे भरणारा माणूस, म्हणजे हँडलोडवाला. ग्लॉकच्या पिस्तुलांत वर्षानुवर्षे बहुभुजी, म्हणजे धारदार कडांऐवजी गोलसर कोनांचे, रायफलिंग येत होते आणि त्यात उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असे ती कंपनी स्वतःच सांगते. अशा पिस्तुलांचे मालक बदली बॅरल शोधतात त्याचे हे एक मोठे कारण. म्हणजे आपले गिऱ्हाईक मुळात हँडलोडवालेच. आणि वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय, तर हँडलोड वापरल्यास वॉरंटी रद्द.

आता अडचण सांगतो. १२४ ग्रेन, म्हणजे साधारण ८ ग्रॅम वजनाच्या, कोटिंग केलेल्या गोल नाकाच्या गोळ्या घालून भरलेली माझी काडतुसे मूळ बॅरलमध्ये विनातक्रार चालतात. आपल्या बॅरलमध्ये तेच काडतूस चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या बॅरलच्या मागच्या भागात) गेले की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण बंद होत नाही, शेवटी बारीकशी फट राहते. काडतूस काढायला स्लाइड मागे ओढावी तर ती निघत नाही. जोर लावला तेव्हा पितळी केस बाहेर आली, गोळी रायफलिंगमध्येच रुतून राहिली आणि पावडर पिस्तुलाच्या आत सांडली. हे ज्याने एकदा साफ केले आहे त्याला मी का चिडलो आहे ते कळेल.

चेंबर घट्ट आहे का, हे मी आधी तपासले. नुसती साइझ केलेली, म्हणजे प्रेसवरच्या डायमध्ये (साच्यात) दाबून मूळ मापावर आणलेली, रिकामी केस बॅरलमध्ये टाकली तर टक् करून तळाला बसते, बोटाने गरगर फिरते आणि बॅरल उलटी केली की आपोआप बाहेर पडते. म्हणजे केसला जागा पुरेशी आहे. भरलेल्या काडतुसाच्या गोळीला मार्करची शाई फासून पुन्हा टाकले तेव्हा गोळीचा पूर्ण जाडीचा भाग जिथे सुरू होतो तिथे रायफलिंगच्या धारांचे चट्टे उमटले, सगळीकडून सारखे. ९ मिमीचे काडतूस केसच्या तोंडावर टेकायला हवे, तेच त्याचे बसण्याचे ठिकाण. आपल्या बॅरलमध्ये ते गोळीच्या खांद्यावर टेकते. याचा अर्थ थ्रोट आखूड कापला आहे, इतका सरळ हिशेब आहे.

माझ्या काडतुसांची लांबी सामी या काडतुसांची मापे ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ठरवलेल्या २९.६९ मिमीच्या कमाल मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. ही मर्यादा मुख्यतः काडतूस मॅगझिनमध्ये मावावे यासाठी असते, कुठल्याही आकाराची गोळी थ्रोटमध्ये बसेलच याची ती हमी नव्हे, हे मला ठाऊक आहे. निमुळत्या नाकाची गोळी लांब ठेवली तरी चालते, आणि भरल्या खांद्याची गोळी त्याहून आखूड ठेवूनही अडते. म्हणूनच थ्रोटचे माप गिऱ्हाइकाला कळायला हवे. ते आपल्या माहितीपत्रकात नाही, वेबसाइटवर नाही आणि दोनदा विचारूनही मला मिळालेले नाही.

आपल्या विभागाने पहिल्या उत्तरात काडतुसे केस गेजमध्ये (काडतूस घालून माप पाहायच्या साच्यात) तपासा असे कळवले. तपासली होती, सगळी बसतात. पण साध्या केस गेजला पुढे रायफलिंगच नसते. ते केसची लांबी, जाडी आणि बुडाशी राहिलेला फुगवटा सांगते, गोळी कुठे अडते हे सांगत नाही. बॅरल बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला एवढेही माहीत नसावे? दुसऱ्या बंदुकीत उडवून फुगलेल्या केसेस वापरल्या असतील, असाही एक तर्क त्या पत्रात होता. त्याला उत्तर वर आले आहे, माझ्या रिकाम्या केसेस आपल्या चेंबरमध्ये आरामात बसतात.

दुसऱ्या उत्तरात वॉरंटीचे कलम पुढे केले. त्या कलमाशी माझे भांडण नाही. कोणी हलगर्जीपणाने एकाच केसमध्ये दोनदा पावडर टाकेल आणि बॅरल फोडून घेईल, तर त्याचा भुर्दंड कंपनीने का सोसावा? घरी भरलेल्या काडतुसाचा दाब कंपनीच्या हाती नसतो, म्हणून ते कलम. पण माझी बॅरल फुटलेली नाही, फुगलेली नाही, झिजलेली नाही. ज्या काडतुसाची तक्रार आहे ते उडालेलेच नाही! न उडालेल्या काडतुसाने बॅरलचा थ्रोट आखूड होत नसतो, तो आपल्या कारखान्यात रीमरने (भोक कापायच्या हत्याराने) कापला गेला तेव्हाच झाला. दाबासाठी लिहिलेले कलम मापाच्या दोषावर लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि ही फक्त हँडलोडची गोष्ट असती तरी एक वेळ गप्प बसलो असतो. १४७ ग्रेनची, चपट्या नाकाची कारखान्यात भरलेली काडतुसे मी याच बॅरलमध्ये टाकून पाहिली. ती आत जातात, पण फिरवली तर फिरत नाहीत आणि शाई लावली की गोळीवर तेच चट्टे उमटतात. ती काडतुसे काही मी भरलेली नाहीत. आता कोणते कलम दाखवणार?

या सगळ्यापेक्षा मला खरोखर अस्वस्थ केले ते तिसऱ्या उत्तराने. त्यात एकच ओळ आहे : गोळी बसेपर्यंत आणखी खोल दाबा. किती खोल, पावडरचे काय करायचे, काही नाही. ९ मिमीची केस जेमतेम १९.१५ मिमी लांबीची. गोळी आत दाबली की आतली मोकळी जागा कमी होते आणि तितक्याच पावडरीला दाब चढतो. मोठ्या रायफलच्या केसमध्ये थोडाफार फरक खपून जातो, या चिमुकल्या केसमध्ये तो खपत नाही. सामीच्या हिशेबाने या काडतुसाचा कमाल सरासरी दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. कमाल मर्यादेजवळ भरलेले काडतूस लांबी घटवताच ती मर्यादा ओलांडू शकते. म्हणून लोड मॅन्युअलमध्ये प्रत्येक गोळीपुढे लांबी छापलेली असते आणि लांबी कमी केली तर पावडरही कमी करून पुन्हा खालून सुरुवात करायची, असा या छंदातला साधा नियम आहे. मला तो माहीत आहे. पण नुकतेच प्रेस घेतलेला एखादा मुलगा आपले तेच पत्र वाचेल, सगळा साठा डायमध्ये घालून आणखी दाबेल आणि पुढच्या खेपेला आपल्याला पत्र लिहायला त्याची बोटे शाबूत असतीलच असे नाही.

शिवाय हे काम आपली बॅरल न सांगताच करू शकते. स्लाइड वेगाने पुढे येऊन गोळी रायफलिंगवर आपटते, तेव्हा गोळीवर केसची पकड सैल असेल तर ती मागे केसमध्ये ढकलली जाते. वापरणाऱ्याला वाटते काडतूस बसले, आणि प्रत्यक्षात ते आखूड होऊन बसलेले असते. उलट पकड घट्ट असेल तर स्लाइड अर्धवट मिटते. स्लाइड बरीच मागे असेल तर पिस्तूल झडत नाही हे खरे, पण थोड्या फटीवर ट्रिगर चालणारी पिस्तुले आहेत आणि त्या फटीत केसच्या बुडाला पुरेसा आधार राहीलच असे नाही. म्हणून मी ही बॅरल काढून ठेवली आहे आणि आपला निकाल लागेपर्यंत तिच्यातून काहीही उडवणार नाही.

घट्ट चेंबरला माझा विरोध नाही, हे मुद्दाम लिहितो. मॅच बॅरल घेणाऱ्याला ते हवेच असते, केस कमी फुगते, बुडाला आधार चांगला मिळतो, नेमही सुधारतो. मात्र घट्ट चेंबर आणि आखूड थ्रोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पत्रांमध्ये त्यांची सरमिसळ सतत झाली आहे, मुद्दाम की अज्ञानाने ते आपणच जाणे.

माझी मागणी अशी. बॅरल परत मागवून आपल्या कारखान्यात थ्रोटिंग रीमरने थ्रोट वाढवून द्यावा. अनुभवी गनस्मिथला हे काम थोड्या वेळाचे आहे, आपल्याला तर त्याहून सोपे. येण्याजाण्याचा खर्च आपला. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, बदली मालाचे कूपन मला नको, कारण त्याच रीमरने कापलेली दुसरी बॅरल घेऊन मी काय करू? चेंबर सामीच्या आराखड्याप्रमाणे आहे, युरोपातल्या सीआयपी या तशाच संस्थेच्या, की कंपनीच्या स्वतःच्या, हे थ्रोटच्या मापासह लेखी कळवावे आणि जाहिरातीत शिशाच्या गोळ्यांचा दावा ठेवायचा असेल तर ते माप त्याच्या शेजारी छापावे. आणि गोळी खोल दाबण्याचा तो सल्ला लेखी मागे घ्यावा, तो आणखी कोणाला पाठवला असेल तर त्यांनाही तसे कळवावे. यातल्या इतर बाबींवर बोलणी होऊ शकतात, या शेवटच्या बाबीवर नाही.

पत्रासोबत शाईचे चट्टे दिसणाऱ्या गोळ्यांची छायाचित्रे, बॅरलवरचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रती जोडल्या आहेत. भरलेले काडतूस टपालाने पाठवता येत नाही. म्हणून त्याच लांबीवर गोळी बसवलेले, पावडर आणि प्रायमर नसलेले एक नमुना काडतूस बॅरलसोबत पाठवायची माझी तयारी आहे. ते आपल्या तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने बॅरलमध्ये टाकून पाहावे. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे जोडून मी ग्राहक न्यायालयात जाईन.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत)