छोटूच्या लॅपटॉपबद्दल, आई-बाबांना

बंगळूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा फोनवर दोन्ही लॅपटॉपची माहिती वाचून दाखवत होते आणि मध्येच रेंज जात होती, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. बाबा, याची प्रिंट काढून घ्या आणि दुकानात जाताना बरोबर न्या. एक ब्याण्णव हजारांचा गेमिंग लॅपटॉप, दुसरा अठ्ठेचाळीस हजारांचा हलका. तुमचा गेमिंगचा विचार ठरल्यात जमा आहे, हे तुमच्या आवाजावरूनच कळलं. माझं मत हलक्याच्या बाजूने आहे. मात्र तुम्हाला दाखवलेला तो अठ्ठेचाळीस हजारांचा घेऊ नका. का, ते पुढे सांगते.

तुमचं म्हणणं मला समजतं. वस्तू घ्यायची तर एकदाच आणि चांगली, या हिशेबाने तुम्ही सगळा संसार उभा केलात. पोरगं इंजिनिअरिंगसाठी पहिल्यांदा घराबाहेर राहायला निघालंय, त्याला कशाला कमी पडू नये, असं तुम्हाला वाटणारच. पण गेमिंग लॅपटॉपमध्ये जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे भारी चित्रं तयार करणाऱ्या भागासाठी, आणि ते कार्ड तापतं म्हणून लागणाऱ्या मोठ्या पंख्यांसाठी, तांब्याच्या नळ्यांसाठी, जाडजूड अडॅप्टरसाठी. ज्याचं काम त्या कार्डावर चालतं त्याच्यासाठी हे पैसे सार्थकी लागतात. मावशीच्या लेकीने आर्किटेक्चरला महागडा घेतला, तो बरोबरच घेतला. तिला इमारतींची थ्रीडी चित्रं तयार करायची असतात आणि ल्युमिऑनसारखं सॉफ्टवेअर त्या कार्डाशिवाय नीट चालतच नाही. छोटूला मेकॅनिकल मिळालं असतं तरी मी थोडा वेगळा विचार केला असता. त्याला कॉम्प्युटर मिळालंय. चार वर्षांत तो सी, पायथन, जावा शिकेल, डेटाबेस करेल, वेबसाइट आणि ॲप बनवेल. ही सगळी कामं प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आणि रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, यांवर चालतात, ग्राफिक्स कार्ड तेव्हा स्वस्थ बसून असतं.

मी रोज हेच काम करते बाबा, आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

आता त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी हॉस्टेलवरून निघायचं, तास, प्रॅक्टिकल, मग लायब्ररी, संध्याकाळी कुणाच्या तरी रूमवर प्रोजेक्ट. गेमिंग लॅपटॉपचं वजन सव्वादोन ते अडीच किलो, अडॅप्टर धरून तीन किलोच्या आसपास. हलका दीड किलोचा असतो आणि त्याचा चार्जर मुठीत मावतो. वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो. गेमिंगवाल्याची बॅटरी साध्या कामालाही तीन-चार तास चालली तरी खूप, हलका चांगल्या बॅटरीचा असेल तर सात-आठ तास निघतात. शिवाय ज्या ताकदीसाठी एवढे पैसे द्यायचे ती प्लग लावलेला असतानाच मिळते, कारण बॅटरी एका वेळी तेवढी वीज पुरवू शकत नाही. म्हणजे पंधरा दिवस तो पाठीवर वाहील, आणि मग लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावर मुक्कामाला राहील. वर्गात समोर सर कोड लिहीत असताना हा वहीत उतरवून घेत बसेल. मला नेमकं हेच नको आहे. पहिल्या वर्षी कोड स्वतःच्या हाताने तिथल्या तिथे लिहून, चुकवून, परत लिहूनच बसतो. त्यासाठी लॅपटॉप सतत जवळ असायला हवा. सुट्टीत घरी येतानाही पावसात कुंभार्ली घाटातून एसटीने यायचंय, तेव्हा मांडीवर घेऊन बसता येईल असाच बरा.

छोटूशी मी बोलले आहे. तो खोटं बोलला नाही, सरळ म्हणाला की मित्र गेमिंगच घेतायत आणि मलाही खेळायचंय. आई, हे तुझ्यासाठी लिहिते. तुला भीती वाटते की तो रात्र-रात्र खेळत बसेल, आणि म्हणून तू हलक्या लॅपटॉपला हो म्हणते आहेस. त्या कारणासाठी तो घेऊ नकोस. बारावी आणि सीईटीच्या दोन वर्षांत त्या पोराने क्रिकेटची बॅटसुद्धा माळ्यावर टाकली होती. त्याला खेळू दे. तो मित्रांबरोबर जे व्हॅलोरंट खेळतो, ते साध्या लॅपटॉपवरही चांगलं चालतं. बनवणाऱ्यांनी ते मुद्दामच जुन्या, साध्या कॉम्प्युटरवर चालेल असं बनवलंय. मोठे, भारी चित्रांचे गेम चालणार नाहीत, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. थोडा हिरमुसला. पण रात्री कधी झोपायचं हे त्याला आपणच शिकवायचं आहे, लॅपटॉप ते काम करणार नाही.

त्याचा दुसरा प्रश्न चांगला होता. म्हणाला, ताई, मला एआय शिकायचं असेल तर कार्ड लागेलच ना? लागतं, पण ते स्वतःच्या लॅपटॉपातच असायला हवं असं नाही. गूगलचं कोलॅब नावाचं ठिकाण आहे, तिथे ब्राउझरमधून त्यांचं ग्राफिक्स कार्ड फुकट वापरता येतं. तिथे बहुतेक वेळा मिळणारं टी४ कार्ड १६ जीबी मेमरीचं असतं. तुम्हाला दाखवलेल्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०५० आहे, त्याची मेमरी ६ जीबी. कोलॅबवर वेळेची मर्यादा असते, गर्दी असली तर कार्ड मिळत नाही, पण शिकायला ते भरपूर पुरतं. कॅगल नावाच्या अशाच दुसऱ्या साइटवरही दर आठवड्याला ठरावीक तास असंच कार्ड मिळतं. याच ४०५० बद्दल आणखी एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. हे एकाच नावाचं कार्ड लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालेल असं बसवू शकते. नाव तेच, काम मात्र खूप वेगळं. तुम्ही वाचून दाखवलेल्या कागदावर वॉटचा आकडा नव्हता.

आता त्या अठ्ठेचाळीस हजारांच्या लॅपटॉपबद्दल, आणि हे जरा सावकाश वाचा बाबा. त्यात रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर आहे. नंबर ७ने सुरू होतो म्हणून तो नवा वाटतो. पण एएमडीच्या या मालिकेत आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ती रचना २०१९ची. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, तो बराच बरा. ७६४० मध्ये ४, तो आणखी चांगला. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावर डाखलेलीच असते, नंतर वाढवता येत नाही, आणि तुमच्या कागदावर ती ८ जीबी आहे. ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकत्र उघडला की ८ जीबी तिथेच संपते. दुसऱ्या वर्षापासून तो रखडायला लागेल आणि मग तुम्हीच म्हणाल, स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं.

म्हणून साठ-पासष्ट हजारांपर्यंत जाऊ या. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे त्याहून कमीत धड वस्तू मिळेलच असं नाही. रॅम १६ जीबीच हवी, यावर अजिबात मागे हटू नका. दुकानदार म्हणाला की नंतर वाढवून देऊ, तर विचारा, आत मोकळा स्लॉट आहे का, आणि तो बिलावर लिहून द्यायला सांगा. एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा, ५१२ जीबीची पुरेल. प्रोसेसर इंटेलचा आय५ तेराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, नाहीतर वर सांगितलेल्या मालिकेतला रायझन ५, पण तिसरा आकडा ३ किंवा जास्त असलेला. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात; स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्स असतात, आपल्याला ३०० तरी हवेत. दुकानात खिडकीजवळ नेऊन बघा आणि बाजूला उभं राहून बघा, रंग फिके पडले तर तो पडदा चार वर्षं डोळ्यांना त्रास देईल. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात, ५०च्या खाली नको. चार्जिंग टाइप-सीने होत असेल तर फार सोयीचं, चार्जर हॉस्टेलवर राहिला तरी मित्राच्या चार्जरवर भागतं. झाकण दहा-बारा वेळा उघडून-मिटून बघा. बिजागरी करकरते का, कोपरा दबतो का, हे तुमच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी बघणार नाही.

विंडोज ११ मूळचीच असलेला घ्या. डॉसवाला दोन-तीन हजारांनी स्वस्त सांगतील, त्यात विंडोज नसते आणि मग कुणीतरी चोरीची टाकून देतं. वॉरंटी तीन वर्षांची करून घ्यायची, घरी येऊन दुरुस्त करणारी, आणि पाणी सांडणं-पडणं यांचं संरक्षण धरून. कंपनीच्या साइटवरून ते थोडक्या पैशांत होतं, मी करते. हॉस्टेलमध्ये चहाचा कप कुणाचाही कुठेही लवंडतो.

राहिला पैशांचा विषय. एफडी मोडू नका. मुदतीच्या चार महिने आधी मोडून व्याज घालवायचं कारणच नाही. अर्धे पैसे मी देते, बाकीचे तुमच्या चालू खात्यातून जातील एवढेच आहेत. ब्याण्णव हजारांच्या तुलनेत जे वाचतील त्यातून मी त्याला हॉस्टेलवर चोवीस इंची मॉनिटर आणि साधा कीबोर्ड घेऊन देईन. मान खाली घालून आठ-आठ तास लॅपटॉपकडे बघत बसल्याने काय होतं ते माझ्या ऑफिसात अनेकांच्या पाठीकडे बघून कळतं. आणि तिसऱ्या वर्षाला त्याला खरोखरच गेम बनवण्यात किंवा एआयमध्ये रस वाटला, तर ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप जोडून घेऊ. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा जास्त ताकदीचा येतो आणि त्यातला एकेक भाग नंतर बदलता येतो. तोवर कार्डंही पुढची आलेली असतील. तो खर्च माझा, हा शब्द देते.

शेवटचा निर्णय मात्र छोटूला घेऊ द्या. त्याला बरोबर न्या, दोन्ही लॅपटॉप बॅगेत घालून दुकानात दहा मिनिटं फिरू द्या. मी लिहिलेलं सगळं त्यालाही वाचायला द्या, त्याचं काही वेगळं म्हणणं असेल तर मला ऐकायचं आहे. गेमिंगच हवा म्हणाला आणि त्याने कारण नीट सांगितलं, तर मी आडवी येणार नाही. फक्त वॉटचा आकडा विचारून घेऊ आणि १६ जीबी रॅम बघून घेऊ. पैसे द्यायच्या आधी डब्यावरचा मॉडेल नंबर मला व्हॉट्सॲप करा. कितीही वाजता करा, मी कामातून उठून बघेन. एका अक्षराच्या फरकाने आतली वस्तू बदलते.

आई, पायाची सूज उतरली का ते कळव. बाबा, तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या, छोटूच्या धावपळीत विसरताय असं तो सांगत होता.

तुमची,
लेक

ता. क. : लॅपटॉप आला की पहिल्या दिवशीच त्याच्या फायली इंटरनेटवरच्या गूगल ड्राइव्हवर आपोआप जातील अशी सोय मी फोनवरून करून देईन. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये किती जणांचे कागद, फोटो, हिशेब वाशिष्ठीच्या पाण्यात गेले, ते आपण बघितलंय. आणि बाबा, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५नंतर तिची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली आहेत. मी येईपर्यंत त्यावरून बँकेचं काही करू नका, मोबाइलवरून करा.