ताई, तुम्ही आमची झोप विचारलीत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्यासारखी बचाव पथकं रायगड, पुणे, साताऱ्यात बरीच आहेत, त्यांच्यापर्यंतही हे पोचावं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नाही, पोकलेन चढवणं शक्य नव्हतं. भर पावसात पायी चढायचं आणि टिकाव-फावड्यांनी उकरायचं. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. रविवारी, २३ तारखेला शोध थांबला आणि सोमवारी आमची पोरं फर्स्ट शिफ्टला कंपनीत हजर. एनडीआरएफच्या जवानामागे त्याचं दल असतं, वरिष्ठ असतात. स्वयंसेवकाला शाबासकी मिळते आणि ‘आता विसर ते’ असा सल्ला.

त्यानंतर तुम्ही पथकाच्या बैठकीला आलात ते कुणी न बोलावता. ‘काय पाहिलंत ते सांगा’ असं कुणालाही म्हणाला नाहीत. झोप लागते का, जेवण जातं का, एवढंच विचारलंत. ज्याला बोलायचं नव्हतं त्याला गप्प बसू दिलंत. ही केवढी मोठी गोष्ट होती!

आमच्यातला एक जण पत्र्यावर पाऊस वाजला की मध्यरात्री उठून बूट चढवायचा. त्याच्या आईला तुम्ही शिकवलंत: ओरडायचं नाही, अडवायचं नाही. दिवा लावायचा, पाय फरशीवर टेकवून बसवायचं आणि खोलीत काय काय दिसतंय ते त्यालाच सांगायला लावायचं. माउली रोज तसं करत राहिली. सुरुवातीला असं होतंच, पण महिना उलटला तरी थांबत नसेल तर डॉक्टर गाठायचा, हेही तुम्ही बजावलंत. तो कबूल झाला तेव्हा पहिल्या भेटीला त्याच्यासोबत गेलात.

आणि ते ५७. ‘अजून एक दिवस उकरलं असतं तर?’ हा प्रश्न आमच्यात सगळ्यांनाच होता. ‘तुमचा दोष नाही’ म्हणून तुम्ही त्यावर घाईने झाकण घातलं नाहीत. तोच प्रश्न, त्याच माणसांकडून, पुन्हा पुन्हा ऐकून घेतलात. घरच्यांकडेही एवढा धीर नव्हता, आणि त्यांना तरी काय बोल लावायचा?

आता बचावाचं काम आटोपलं की आठवडाभर जोडीदाराने जोडीदाराला फोन करायचा, हा पथकाचा नियम झालाय. किटच्या यादीत दोर आणि स्ट्रेचरच्या खाली टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहिलाय. पावसाळ्याआधीच्या शिबिरात गाठी बांधण्याच्या तासानंतर तुमचा तास ठेवलाय. नवी पोरं बरीच आहेत. तारीख ठरली की कळवतो, नक्की या.

आपला,
पथकातला एक भाऊ