मोतीचे गोचीड आणि घरातल्या फटी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

रोज पंधरा-वीस गोचीड वेचतोस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच, असं तू लिहिलंस. होणारच. हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी पोट भरलं की कुत्र्याला सोडून खाली पडतो. कात टाकायची ती फटीत, अंडीही तिथेच. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणजे मोतीच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे तुझ्या भिंतीत.

त्याला वर चढायची खोड असते, म्हणून नुसती फरशी पुसून भागत नाही. बॅटरी घेऊन दाराच्या चौकटी, पडद्यांच्या शिवणी, तसबिरींची मागची बाजू आणि मोती झोपतो तिथली भिंत छतापर्यंत बघ. फटी सिमेंटने किंवा लांबीने बुजव. व्हॅक्युम फिरवलास तर पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाक. अंथरूण दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धू. फवारणी करायचीच असेल तर मोतीला बाहेर ठेव आणि सगळं पूर्ण वाळल्याशिवाय आत घेऊ नकोस.

वेचताना टोकदार चिमटा घे. केस बाजूला करून अगदी कातडीलगत, तोंडापाशी पकड आणि सरळ वर, न पिळता, हळूहळू ओढ. पोटाला धरलंस तर तो फुटतो. तेल, रॉकेल, जळकी काडी यांतलं काहीही नको. त्याने तो सुटत नाही, उलट लाळ ओकण्याची भीती. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर कोरत बसू नकोस, जंतुनाशक लाव, कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. काढलेला गोचीड नखाने चिरडू नकोस, स्पिरिटच्या बाटलीत टाक. फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते; तिच्या बुडाशी बऱ्याचदा चपटा, लहानसा नर चिकटलेला असतो, तोच नेमका राहून जातो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरव. आणि ओढण्याआधी पाय दिसतात का ते बघ. स्तनाग्र गोचीड समजून ओढणारे महाभाग कमी नाहीत!

औषध वजनावर ठरतं, तेव्हा आधी मोतीचं वजन कर. फिप्रोनिलचे थेंब दोन्ही खांद्यांच्या मधे, केस फाकवून थेट कातडीवर टाकायचे. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. केसांवरच राहिले की 'औषध लागू पडत नाही' अशी ओरड होते. फ्लुरालानरसारखी चघळायची गोळी जेवणासोबत दे. ती रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरतो. त्यामुळे गोळीनंतरही अंगावर नवे दिसले तर घाबरू नकोस, ते फटींतून येताहेत. मोतीला कधी फिट आली असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांग. गुरांसाठीचं औषध अंदाजाने पातळ करून लावू नकोस. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक आणूच नकोस, तिला ते विष आहे.

उपचार सलग तीन-चार महिने चालव. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो आणि लोक पहिल्याच महिन्यात, अंग स्वच्छ दिसलं की थांबतात.

एका गोष्टीत मात्र उशीर नको. चावल्यावर आठवड्या-तीन आठवड्यांत ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त किंवा चहा-कॉफीच्या रंगाची लघवी, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी, प्लेटलेटसकट. गोचिडाच्या चाव्यातून होणाऱ्या एर्लिकिया या रोगाला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस लागतं. चौथ्या दिवशी शेपूट हलवायला लागला म्हणून बंद करायचं नाही. बॅबेसिया हा गोचिडातूनच होणारा दुसरा रोग, त्याचं औषध निराळं, म्हणून घरच्या घरी अंदाजाने गोळ्या नकोत.

वजन किती भरलं ते कळव, आणि पलंगाच्या मागची फट बघायला विसरू नकोस.

तुझा,
अनंता