छोट्या रंगमंचांचं तिकीट थेट घ्या

महोदय,

पुण्याचा सुदर्शन रंगमंच, जुहूचं पृथ्वी थिएटर अशा छोट्या जागी प्रायोगिक नाटक पाहताना खिसा हलका होतो तो ऑनलाइन शुल्काने. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला जीएसटी नाही. मात्र आरक्षणाच्या सुविधा शुल्कावर १८ टक्के लागतो. तेही बहुधा दर तिकिटामागे. शुल्क ३० रुपये धरलं तर चौघांचे १४१ रुपये ६० पैसे वरचे गेले! म्हणून आधी जाहिरातीतल्या क्रमांकावर नाट्यसंस्थेला फोन करावा, थेट तिकीट आणि विद्यार्थी सवलत विचारावी. ऐनवेळी खिडकीवर विसंबू नये. खुर्च्याच शंभर-दोनशे, त्यातल्याही काही राखीव. आपण नाटकांच्या पानावर या प्रयोगांचे दर व खिडकीच्या वेळा छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यरसिक, पुणे