गरवायला जाताय? मग तंगूस घरी परत आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस जरा ओसरला की आमच्या रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर आणि मिऱ्याच्या बंधाऱ्यावर गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांची, रांग लागते. मीही त्यातलाच, शाळेत असल्यापासून गरवतोय, आता पन्नाशी आली. पूर्वी गरवणारे म्हणजे आजूबाजूच्या वाडीतलेच लोक असायचे, आता घाटावरनंसुद्धा पोरं बाइकला रॉड बांधून येतात, ऑनलाइन मागवलेली रीलं, रंगीत लुअर म्हणजे खोटी आमिषं, सगळं असतं. येऊ देत, चांगलंच आहे, मोबाइल खिशात ठेवून चार तास पाण्याकडे बघत बसणारा पोरगा मला तरी आवडतो. पण ही मंडळी गेल्यावर कातळावर आणि तिवरांत जे उरतं त्याबद्दल हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी तिवरांत एक बगळा उलटा लटकलेला दिसला. एक पाय तंगूसात, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीत, गुंतलेला, तंगूस फांदीला, आणि खाली वजनाचं शिसं तसंच लोंबतंय. मी आणि माझा पुतण्या गुडघाभर चिखलात उतरलो, डोळे झाकले की पक्षी शांत होतो म्हणून त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि नेलकटरने एकेक वेढा कापला. सात वेढे होते. शेवटचा कातडीत इतका रुतलेला की नेलकटरचं टोक आत जाईना, मग पुतण्याने एका गळाच्या बाकाने तो अलगद वर उचलून धरला तेव्हा कुठे कापता आला. सोडल्यावर बगळा उडालाच नाही, एका पायावर तसाच उभा राहिला, पाणी चढायला लागल्यावर कधीतरी गेला. तो तंगूस घरी आणून मोजला, चौदा हात भरला.

आता चौदा हात तंगूस कोणी हौसेने टाकत नाही हो. तो तुटतो. आणि मी इतकी वर्षं बघतोय, दहातले आठ वेळा तो माशाने तुटत नाही, आपल्या हलगर्जीपणाने तुटतो. एकतर शिसं कातळात अडकतं, नाहीतर तंगूस उन्हाने कुजलेला असतो, नाहीतर गाठ कोरडी ओढलेली असते. तिन्हीवर घरच्या घरी उपाय आहे, एक रुपया जास्तीचा लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जागा असेल तर सगळं छापावं ही विनंती.

पहिलं शिशाचं. आपल्याकडे कातळाला कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, शिसं एकदा फटीत बसलं की माणूस ओढत राहतो आणि शेवटी तंगूस वरनंच कुठूनतरी तुटतो, म्हणजे वीस-तीस हात पाण्यात राहिला. त्याऐवजी शिसं कधीही मेन तंगूसाला थेट बांधू नका. मेन जर ०.४० मिलिमीटर जाडीचा असेल तर शिशाला वीतभर ०.२० चा तुकडा बांधा. अडकलं की तो बारीक तुकडा तुटतो, शिसं जातं, पण गळ, मासा आणि बाकीचा सगळा तंगूस परत येतो. आमचे आबा तंगूसऐवजी साधा शिवणाचा सुती दोरा वापरायचे, लांब फेकायचं नसेल तर तोही चालतो आणि तो पाण्यात कुजूनही जातो.

आणि मुळात शिसंच कशाला पाहिजे? आमच्या घरी जुन्या बॅटरीचं शिसं चुलीवर वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे, आम्ही पोरं भोवती उभी राहून बघायचो. आज आठवलं की अंगावर काटा येतो. शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते स्फोटासारखं उडतं. कृपा करून घरात हा उद्योग कोणी करू नका. ब्रिटनमध्ये पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे बारीक तुकडे खडे समजून गिळल्यामुळे राजहंस मरायला लागले, म्हणून १९८७ साली तिथे गळाच्या लहान शिशांची विक्रीच बंद केली. आपण गॅरेजमधनं जुने स्पार्क प्लग मागून आणावेत, ते फेकूनच देणार असतात, पुढचा आकडा तंगूसाच्या फासावर दाबून बंद केला की काम झालं. नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा घ्यायचा, त्यात बारीक खडी भरायची, दोन्ही तोंडं घट्ट बांधायची. हे रबराचं वजन कातळात प्लगपेक्षाही कमी अडकतं असा माझा अनुभव आहे, घसरून सुटतं. ट्यूबसुद्धा पाण्यात राहिली तर कचराच, पण ती वीतभर बारीक तुकड्यासकट जाते, शिशासारखं विष सोडत नाही.

दुसरं तंगूसाचं. नायलॉनला ऊन सहन होत नाही. रील गाडीच्या काचेखाली ठेवलं, बाल्कनीत टांगलं, की वरचे वेढे आतून मरतात, दिसायला मात्र नव्यासारखेच. प्रत्येक वेळी गरवायला बसण्याआधी शेवटचे दोन हात नखाच्या चिमटीतनं ओढून बघा, कुठे खरखर लागली की तिथपर्यंत कापून टाका, कंजुषी करू नका. सीझन संपला की पूर्ण तंगूस फेकायची गरज नाही, तो उलटा भरायचा, म्हणजे आतला न वापरलेला भाग वर येतो आणि अजून एक सीझन निघतो. रॉडऐवजी बाटलीवर तंगूस गुंडाळून गरवणाऱ्या पोरांनाही हेच लागू, कोल्ड्रिंकची कडक बाटली घ्या, पाण्याची मऊ बाटली चेपते आणि तंगूस रुततो, आणि वरनं सायकल ट्यूबचं कडं चढवा म्हणजे वेढे सुटून वाऱ्यावर जाणार नाहीत. तिसरं गाठीचं. गाठ मारताना ओढण्याआधी थुंकी लावा. हे म्हातारे सांगायचे ते उगीच नाही, कोरडी गाठ ओढली की घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. मोठी तांबोशी लागल्यावर पहिला झटका बसतो तो गाठीवरच.

रॉडच्या ज्या कड्यांतून तंगूस जातो त्यांतून कापसाचा बोळा फिरवून बघा. एखाद्या कड्याला डोळ्याला न दिसणारी चीर असली तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. माझं एक रॉड दोन वर्षं तंगूस कापत होतं, मी दुकानदाराला दोष देत होतो, आणि निघाली ती तिसऱ्या कड्याला केसाएवढी चीर.

रीलबद्दल थोडक्यात. खाऱ्या पाण्यातनं आल्यावर त्याच रात्री ड्रॅग, म्हणजे तंगूस किती जोरावर सुटेल ते ठरवणारा स्क्रू, घट्ट करून नळाच्या मंद धारेखाली धुवा, पाइपचा जोरात फवारा मारू नका, त्याने मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. मग पुसून सावलीत वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दाबून बसतात. आणि खोबरेल तेल अजिबात घालू नका! आपल्याकडे घरात तेच हाताशी असतं म्हणून सगळे तेच घालतात, पण थंडीत पहाटे खोबरेल गोठतं आणि रील फिरत नाही, नंतर चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब हँडलला आणि एक तंगूस जिथून वळतो त्या रोलरला, बास.

गळ ओले डब्यात टाकले की एकामुळे सगळे गंजतात. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा, घसरलं तर बोथट आहे, बारीक कानशीने दोन हात मारा. गंजलेला गळ कातळावर सोडून जाऊ नका, अनवाणी पोरं कालवं काढायला तिथेच येतात.

आता मुख्य मागणी. जेटीवर आणि पुलावर तुटलेला तंगूस टाकायला जागाच नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये बंदरांवर यासाठी पीव्हीसीचे पाइप लावलेले असतात, पाइप उभा, वरती एल्बो म्हणजे वाकडा जोड, त्यामुळे पाऊस आत जात नाही आणि पक्षी आत शिरत नाही, खाली फिरवून उघडायचं झाकण. आम्ही तसा एक घरी बनवला, दुपारभराचं काम आहे. तो जेटीच्या कठड्याला लावायची परवानगी मागायला दोनदा ऑफिसात जाऊन आलो, एकदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज कोणाच्या नावाने करायचा हेच कोणी सांगेना. पाइप आजही माझ्या पडवीत उभा आहे.

आम्ही पाच-सहा जण आहोत, सगळे गरवणारे. पाइप आम्ही देऊ, क्लॅम्प आम्ही आणू, महिन्यातनं एकदा रिकामा आम्ही करू, आतला तंगूस बोट-बोटभर कापूनच कचऱ्यात देऊ म्हणजे पुढे डंपिंगवर कोणा कावळ्याच्या पायात अडकायला नको. फक्त कठड्याला चार भोकं पाडायची परवानगी हवी आहे. आपल्या दैनिकातून हे संबंधितांपर्यंत पोचावं आणि अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा एवढं तरी कळावं, दिवाळीच्या सुट्टीत गर्दी व्हायच्या आत.

आपला,
एक गरवणारा वाचक, रत्नागिरी